छोट्या होड्या आणि त्यांचे उपयोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होडी विकत घ्यायची असो, भाड्यानं न्यायची असो की नुसतं कुतूहल असो, फिरून फिरून विचारलं जातं ते साधारण हेच. उत्तरं जमतील तितकी सरळ दिली आहेत. जिथं माझं मत आहे तिथं ते मत म्हणूनच वाचा.

छोटी होडी म्हणजे नेमकी केवढी?

सगळीकडे चालेल अशी एकच व्याख्या नाही. समुद्रावर टकरी टाळण्यासाठी १९७२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत ७, १२ आणि २० मीटर अशा पायऱ्या आहेत. कोणी कोणते दिवे लावायचे, कोणी कोणाच्या वाटेतून दूर राहायचं हे त्यावरून ठरतं. या पानावर ७ मीटरच्या आतल्या होड्यांचाच विचार केला आहे. मी स्वतः मात्र लांबीपेक्षा एक वेगळीच कसोटी लावतो: धक्का नसताना दोन-चार माणसांना ती वाळूवर ओढून घेता येते का? येत असेल तर ती छोटी.

एवढ्याशा होडीचा उपयोग तरी काय?

मासेमारी आणि माणसांची ने-आण हे दोन उपयोग सगळ्यांना सुचतात. त्यापलीकडची यादी बरीच लांब आहे. नांगरून उभ्या असलेल्या जहाजावरून किनाऱ्यावर जाणं, कालव-शिंपल्यांच्या शेतीची देखभाल, तलावाच्या पाण्याचे नमुने घेणं, खाडीची खोली मोजणं, पाणबुड्यांना (पाण्याखाली बुडी मारणाऱ्या माणसांना) सोडणं आणि परत उचलणं, पक्षीगणना, किनाऱ्यावर जीवरक्षकांची गस्त, पोहण्याच्या लांब शर्यतीत पोहणाऱ्याच्या सोबतीला राहणं. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. कामाची जागा उथळ, अरुंद किंवा धक्का नसलेली असते आणि मोठी बोट तिथं पोचूच शकत नाही.

१९४० साली, दुसऱ्या महायुद्धात, फ्रान्समधल्या डंकर्कला जर्मनांनी कोंडलेलं दोस्तांचं सैन्य सोडवताना हेच झालं. किनारा उथळ, त्यामुळे विनाशिका वाळूपर्यंत येऊ शकत नव्हत्या. इंग्लंडहून आलेल्या शेकडो खाजगी बोटींपैकी पुष्कळ बोटी कंबरभर पाण्यात उभ्या असलेल्या सैनिकांना उचलून खोल पाण्यातल्या जहाजांपर्यंत नेत होत्या. सगळी मिळून ३,३८,००० हून जास्त माणसं त्या मोहिमेत सुटली. त्यांतली बहुतेक मोठ्या जहाजांतून गेली हे खरं, पण वाळूवरून जहाजापर्यंतचा तो शेवटचा टप्पा छोट्या होड्यांचाच होता. त्या ताफ्यातली टॅमझिन नावाची सर्वांत छोटी उघडी होडी जेमतेम साडेचार मीटरची होती.

मला कोणती होडी घ्यावी लागेल?

हा प्रश्न असा विचारलात तर उत्तर देता येणार नाही. त्याऐवजी तीन गोष्टी सांगा. पाणी कसलं (शांत तलाव, वाहती नदी, खाडी की उघडा समुद्र)? बरोबर नेहमी किती वजन असणार? आणि होडी पाण्यापर्यंत नेणार कशी? तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. ८० किलोची होडी दोघांना उचलून गाडीच्या टपावर ठेवणंही नको होतं. मग ती घरीच पडून राहते.

आणखी एक. वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यांच्या हिशेबानं होडी घेऊ नका. बहुतेक वेळा दोघंच जाणार असाल तर दोघांचीच घ्या. रिकामी मोठी होडी वाऱ्यावर भरकटते आणि वल्हवताना दमवते.

तळ सपाट असावा, गोल की इंग्रजी व्हीसारखा?

सपाट तळाची होडी उथळ पाण्यात चालते, सामान भरपूर घेते आणि चढताना-उतरताना फारशी डुलत नाही. लाटांत मात्र ती आपटते, आणि एका ठरावीक कोनापलीकडे कलली की फारसा इशारा न देता उलटते. गोल तळाची होडी याच्या उलट वागते. पाय ठेवताच ती डगमगते, नवख्या माणसाला भीती वाटते, पण वल्हवायला हलकी असते आणि लाटेवर सहज वरखाली होते. व्ही आकाराचा तळ लाट कापतो, म्हणून वेगानं जाणाऱ्या इंजिनाच्या होड्यांना तो देतात. संथ चालीच्या होडीला त्याचा फायदा थोडाच.

चौथा मार्ग उलांडीचा. अरुंद, वेगवान होडीच्या बाजूला आडव्या दांड्यांवर एक ओंडका बांधला की तिची रुंदी न वाढवता तिला तोल मिळतो. प्रशांत महासागरातली बेटं माणसांनी वसवली ती अशा उलांडीच्या आणि जोड-होड्यांतून. जाडजूड रुंद होडी बांधून तोल साधण्यापेक्षा ही युक्ती मला जास्त देखणी वाटते.

कयाक आणि कनू यांत फरक काय?

कयाक वरून झाकलेली असते. पाय पुढं पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. आर्क्टिकमधल्या इनुइट शिकाऱ्यांनी वाहून आलेल्या लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ती बनवली. कनू वरून उघडी. तीत गुडघ्यांवर किंवा उंच फळीवर बसतात, वल्ह्याला एकच पातं असतं. सामान घेऊन नदीतून लांब जायचं असेल तर कनू, वारा-लाटा असतील तर कयाक. हल्ली वर बसायची प्लॅस्टिकची कयाक मिळते. उलटली तरी ती पाण्यानं भरत नाही, म्हणून नवशिक्यांना मी तीच सुचवतो.

हवेच्या रबरी होडीवर भरवसा ठेवावा का?

चांगल्या होडीवर, हो. तिच्यात हवेचे वेगवेगळे कप्पे असतात. एक फाटला तरी बाकीचे तरंगत ठेवतात. खेळण्याच्या दुकानातली एकाच कप्प्याची पातळ होडी ही होडी नव्हेच. वारा किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहत असेल तर ती माणसासकट बघता बघता दूर जाते.

खाली कडक तळ आणि वर हवेच्या नळ्या ही जोडी १९६० च्या दशकात वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजात आकाराला आली. आज जगभरचे बचावपथक, नौदल आणि पाणबुडे तीच वापरतात. तिची काळजी घेताना दोनच गोष्टी सांभाळा. भर उन्हात किनाऱ्यावर ठेवलीत तर आतली हवा तापून दाब वाढतो, म्हणून थोडी हवा सोडा. गळती शोधायची तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा जागा दाखवतो.

पुराच्या पाण्यात कोणती होडी चालते?

सपाट तळाची अल्युमिनियमची होडी किंवा मजबूत रबरी होडी. पण पुरात होडीपेक्षा पाणी समजणं अवघड असतं. ते नदीसारखं दिसतं, खाली मात्र कुंपणं, गाड्या, फाटकं, विजेच्या तारा असतात. इंजिनाचा पंखा यातल्या कशातही अडकतो. म्हणून उथळ भागात इंजिन उचलून ठेवतात आणि लांब बांबूनं तळ चाचपत पुढं जातात. इंजिन असलं तरी वल्ही बरोबर हवीतच.

माणसाला उचलायला जाताना प्रवाहाच्या खालच्या बाजूनं, नाळ (पुढचं टोक) प्रवाहाकडे ठेवून जायचं. अशी होडी जागच्या जागी धरून ठेवता येते. प्रवाहाबरोबर खाली येत गेलात तर तिला थांबवता येत नाही, ती माणसावर आदळते. आणि होडी खांबाला आडवी कधीही बांधू नका. प्रवाह तिला क्षणात पालथी करतो. छपरावरच्या लोकांना एकदम उड्या मारू न देणं हे तर वल्हवण्यापेक्षाही कठीण काम आहे. एकेकाला, बसवून, मध्यभागी.

किती माणसं बसवली तर चालतं?

बनवणाऱ्यानं पाटीवर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तीसुद्धा शांत पाण्यातली. हिशेब स्वतः करून पाहा. समजा तुमच्या होडीचा पाण्याला टेकलेला भाग वरून पाहिला तर ३ चौरस मीटर भरतो. ती १ सेंटिमीटर खाली बसायला ३० लिटर पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे दर ३० किलोंना १ सेंटिमीटर. ७५ किलोचा माणूस बसला की अडीच सेंटिमीटर, चार माणसांना १० सेंटिमीटर. पाण्यावरचा मोकळा काठ ३० सेंटिमीटर होता तो आता २० उरला. त्यात सगळे एका बाजूला मासा बघायला झुकले की त्या बाजूला काय उरतं ते पाहा.

आत पाणी साचलं तर हिशेब आणखी बिघडतो. २ चौरस मीटरच्या तळावर ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० किलो, आणि हे वजन जागेवर राहत नाही. होडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला ते धावतं. म्हणून पाणी उपसायचं भांडं दोरीनं बांधून जवळ ठेवा आणि घोटा भिजायची वाट न बघता उपसायला लागा.

उभं राहिलं तर होडी उलटते का?

बसल्यावर तुमचं वजन खाली असतं. उभे राहिलात की ते वर जातं आणि थोड्याशा कलण्यानंही तोल जातो. जागा बदलायची असेल तर एका वेळी एकानंच, वाकून, दोन्ही काठांना धरून, मधून. पुरुष मंडळींना स्पष्टच सांगतो: काठावर उभं राहून लघवी करायला जाऊन पाण्यात पडणारे काही थोडेथोडके नसतात. एक डबा ठेवा आणि बसून उरका.

लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यालाही हवं का?

हवं. आणि ते अंगात हवं, सीटखाली नको.

त्यावर न्यूटनमध्ये आकडा असतो. १० न्यूटन म्हणजे साधारण १ किलोची उचल. पाण्यात माणसाचं वजन फार थोडं उरतं, म्हणून ५० न्यूटनचं जॅकेट शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला पुरतं. कयाक आणि शिडाच्या खेळात तेच वापरतात. १०० आणि १५० न्यूटनची जॅकेटं मानेमागे आधार देतात. बेशुद्ध माणसाला उताणं करून तोंड पाण्याबाहेर ठेवणं हा त्यांचा उद्देश असतो. उघड्या पाण्यावर जाड कपड्यांसह जायचं तर १५० चं घ्या. माप बघायची सोपी रीत: पट्टे आवळा, कोणालातरी खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. मुलांना पायांमधून जाणारा पट्टा हवाच.

होडी उलटली तर काय करायचं?

आधी डोकी मोजा. मग होडीला धरून राहा. किनारा जवळ दिसतो तेवढा जवळ नसतो, आणि शोधणाऱ्याला पालथी होडी दिसते, एकटं डोकं दिसत नाही. पोहत निघण्याचा मोह आवरणं हेच बहुतेकांना जमत नाही.

पाणी थंड असेल तर पहिली लढाई श्वासाशी असते. अचानक धाप लागते आणि त्या भरात पाणी नाकातोंडात जातं. थंड पाण्याबद्दल १-१०-१ असा ढोबळ नियम शिकवतात: श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती १० मिनिटं, आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास. म्हणजे पहिलं मिनिट नुसतं तरंगायचं आणि पुढच्या दहांत होडीवर चढायचं. चढताना मागच्या बाजूनं चढा, कडेनं चढलात तर ती पुन्हा अंगावर येते. इंजिन चालू असेल तर आधी बंद.

वल्ही, शीड की इंजिन?

वल्ही कायम बरोबर, मग बाकी काहीही असो. वल्ही मोडली तर दिसतं आणि दुरुस्तही होतात. इंजिन बंद पडतं तेव्हा कारण शोधायला वेळ नसतो.

पाण्यात बसून चालणाऱ्या होडीच्या वेगाला तिच्या लांबीची मर्यादा असते. पाण्याला टेकलेल्या लांबीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा आणि साडेचारनं गुणा, ताशी किलोमीटर मिळतात. ४ मीटरला साधारण ९. त्यापुढं होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते आणि कितीही जोर लावला तरी नुसतं इंधन जळतं. ही मर्यादा तोडायची तर होडी पाण्यावर उचलली जाऊन घसरत गेली पाहिजे. त्यासाठी हलका, पसरट तळ आणि पुरेशी ताकद लागते. म्हणून जड लाकडी होडीला दुप्पट मोठं इंजिन लावणं हा पैशांचा चुराडा आहे, शिवाय मागची फळी खाली दबून पाणी आत येतं ते वेगळंच.

मागे टांगायचं इंजिन व्यापारी यशाला पोचवलं ते ओले एविनरूड यांनी, १९०९ च्या सुमारास, अमेरिकेत. आता शांत तलावांवर विजेच्या मोटारी आल्या आहेत. आवाज नाही, धूर नाही. परतीच्या वाटेवर वारा समोरून असेल तर बॅटरी अंदाजापेक्षा लवकर संपते, हे धरून चाला. आणि पेट्रोलचं इंजिन असेल तर ते बंद करणारी सुरक्षादोरी चालकाच्या पायाला किंवा कमरेला अडकवलेलीच हवी. चालक पडला आणि होडी गोल गोल फिरत त्याच्याच अंगावर आली, असे अपघात होतात.

वल्हवताना होडी सरळ का जात नाही?

कारण तुम्ही मागे तोंड करून बसलेले असता आणि मान वळवून वळवून पुढं बघत असता. मान वळते तसा एक हात जास्त ओढतो. निघताना मागच्या किनाऱ्यावरच्या एकामागे एक असलेल्या दोन खुणा निवडा, उदाहरणार्थ जवळचं झाड आणि त्यामागचा खांब. त्या एका रेषेत ठेवल्या की होडी सरळ चालली आहे. जोर हातांचा कमी, पायांचा आणि पाठीचा जास्त. पातं पूर्ण बुडलं की पुरे, खोल खुपसलं तर होडीच्या गतीनं ते अडकतं आणि दांडा पोटात बसतो.

मुलांना शिडाची होडी शिकवायची तर?

ऑप्टिमिस्ट. २.३ मीटरची, पेटीसारख्या चपट्या नाळेची, एकट्या मुलानं हाकायची. १९४७ साली फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी ती रेखली. स्पर्धांत १५ वर्षांपर्यंतची मुलं ती चालवतात. दिसायला बेढब असली तरी शिकायला याहून चांगली होडी मला माहीत नाही.

घरी होडी बांधता येते का?

येते. सागरी प्लायवूडचे तुकडे कापून कडेनं भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं ते एकमेकांना शिवायचे, मग सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन. ही रीत १९६२ च्या मिरर या ३.३ मीटरच्या होडीनं घराघरांत पोचवली. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांची ती रचना होती. पारंपरिक लाकडी होडीत फळ्यांच्या सांधी ठासून बुजवाव्या लागतात आणि ती कोरडी पडली की फळ्या आकसून गळू लागते. तिला रोजचा वापर मानवतो. फायबरग्लास आणि प्लॅस्टिक महिनोन्महिने पडून राहिलं तरी चालतं, उन्हापासून झाकलंत म्हणजे झालं.

नांगर टाकला तरी होडी सरकते, असं का?

दोर कमी सोडला म्हणून. नांगर वजनानं धरत नाही, त्याचा दात तळात रुततो, आणि त्यासाठी ओढ आडवी लागते. पाणी ३ मीटर आणि नाळ पाण्यावर अर्धा मीटर असेल तर साडेतीनच्या सात पट, म्हणजे साडेचोवीस मीटर दोर. नांगराजवळ थोडी साखळी जोडली तर आणखी चांगलं. भरतीत पाणी वाढेल तेही धरा. दोर नाळेलाच बांधायचा. मागच्या बाजूला बांधला तर प्रवाह आणि लाटा त्या बुटक्या फळीवरून आत येतात आणि होडी बुडते.

किती वारा असला की निघू नये?

सगळीकडे पांढरे फेसाळ तुरे दिसू लागले की वारा साधारण ताशी २० ते २८ किलोमीटर आहे. नवख्यानं त्याच्या आधीच परतलेलं असावं. किनाऱ्यावरून पाण्याकडे जाणारा वारा सर्वांत फसवा. तुम्ही उभे असता तिथं पाणी गुळगुळीत दिसतं, जरा आत गेलात की परत येणं अशक्य होतं. प्रवाह एका दिशेला आणि वारा त्याच्या विरुद्ध असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. त्याच वाऱ्यात, प्रवाह वळल्यावर, तेच पाणी निवळतं. तासभर थांबणं शहाणपणाचं.

रात्री दिवा लागतो का? मोठ्या जहाजांचं काय?

वल्ह्याच्या होडीत निदान पेटता किंवा चटकन पेटवता येईल असा पांढऱ्या प्रकाशाचा टॉर्च हवा. ७ मीटरच्या आतल्या आणि ७ नॉटहून (ताशी साधारण १३ किलोमीटरहून) जास्त वेग नसलेल्या इंजिनाच्या होडीला चहूकडून दिसणारा एक पांढरा दिवा चालतो. अरुंद वाटेत २० मीटरच्या आतल्या बोटींनी मोठ्या जहाजाला अडथळा करायचा नाही. नियम नसता तरी हेच करावं लागलं असतं: त्या जहाजाच्या नाळेसमोरचा बराच भाग त्यांना वरून दिसतही नाही.

छोट्या होडीनं समुद्र ओलांडता येतो का?

लोकांनी ओलांडला आहे. १७८९ साली बाउंटी या इंग्रजी जहाजावरच्या बंडानंतर त्याचा कप्तान विल्यम ब्लाय आणि १८ जणांना सात मीटरच्या उघड्या होडीत सोडून दिलं गेलं. काठ पाण्यापासून वीतभरही वर नव्हता. वाटेत एका बेटावरच्या हल्ल्यात एक जण मारला गेला, बाकीचे ४७ दिवसांत सुमारे ६,७०० किलोमीटर जाऊन तिमोरला पोचले. १९१६ मध्ये अंटार्क्टिकच्या बर्फात जहाज गमावलेले शोधप्रवासी शॅकल्टन आणि पाच जण जेम्स केर्ड या सातएक मीटरच्या होडीतून एलिफंट बेटावरून साउथ जॉर्जियाला गेले, तेराशे किलोमीटरांहून जास्त, दक्षिण महासागरातून. १९९३ साली ह्यूगो व्हिलेन यांनी १.६ मीटरच्या होडीतून अटलांटिक ओलांडला.

पण तपशील बघा. शॅकल्टनच्या सुतारानं, हॅरी मॅकनिशनं, आधी होडीचे काठ उंच केले, वर कॅनव्हास ताणून ती झाकली, आणि तळात दगडांचं वजन भरलं. पहिल्या दोघांकडे दुसरा मार्ग नव्हता. व्हिलेन यांची होडी पूर्ण बंदिस्त होती. उघड्या होडीतून हौसेनं समुद्रावर जाणाऱ्यानं यांचा दाखला देऊ नये.

सर्वांत जुनी होडी कोणती?

सापडलेल्यांत नेदरलँड्समधली पेसची होडी. १९५५ साली रस्त्याच्या कामात मिळाली. पाइनच्या एकाच खोडातून कोरलेली, जवळपास ३ मीटर, आणि साधारण दहा हजार वर्षांपूर्वीची.

परवाना लागतो का?

देशोदेशी आणि पाण्यापाण्यावर नियम वेगळे. वल्ह्याच्या होडीला बऱ्याच ठिकाणी लागत नाही, इंजिन लावलं की नोंदणीचा प्रश्न येतो. जिथं होडी उतरवणार तिथल्या बंदर खात्याकडे किंवा जलाशयाच्या व्यवस्थापनाकडे विचारा.

जुनी होडी घेताना काय तपासावं?

इंजिन शेवटी बघा. आधी मागची फळी. इंजिन टांगायच्या जागी दोन्ही हातांनी वरखाली हलवून पाहा, लवली तर आतलं लाकूड कुजलं आहे. फायबरग्लासवर बोटाच्या पेरानं ठोकत जा. टणक आवाज मध्येच बद्द झाला तर तिथं थर सुटले आहेत. तळाच्या फळ्या उचलायला सांगा, विकणारा टाळाटाळ करत असेल तर समजून घ्या. ताजा रंग हा माझ्या लेखी गुण नाही, संशय आहे. मग ती पाण्यात उतरवून, तुमच्या नेहमीच्या माणसांसह, अर्धा तास उभी ठेवा आणि तळाला हात लावून बघा. उतरवण्याआधी पाणी काढायचं बूच लावलं आहे ना, तेवढं पाहा.